शिक्का उठला न्हाई

मुंजाजीरावांच्या औषधखोलीतल्या अकरा बाटल्यांच्या गळ्यात घुंगरं होती. शोभेची नव्हेत, मेंढ्यांच्या गळ्यात बांधतात ती, पितळेची आणि चांगली वाजणारी. त्यातली एखादी बाटली फळीवरून उचलली, की बाहेरच्या सगळ्या रांगेला ऐकू जायचं. मग रांगेतली जाणती माणसं एकमेकांकडे बघून हलक्या आवाजात म्हणायची, "कुनाला तरी मारकी गोळी देल्ली बगा."

मुंजाजीरावांच्या लेखी जगातली सगळी औषधं दोनच स्वभावांची होती, गरीब आणि मारकी. ताकदीच्या गोळ्या गरीब. खोकल्याचं औषध तसं गरीब, पण लेकरांच्या बाबतीत त्याचा भरवसा नाही. हृदयाची, फिटची, दम्याची औषधं मारकी. "मारकं जनावर वाईट नसतंय सायेब," ते मला सांगायचे, "लय कामाचं असतंय. फक्त त्याला हात लावताना आपल्याला कळलं पायजे, अन् शेजारच्याला बी कळलं पायजे."

हे मुंजाजीराव आमच्या सरकारी दवाखान्याचे कंपाउंडर. कागदोपत्री त्यांचं पद 'औषधनिर्माता' असं भारदस्त होतं, पण तो शब्द मी कुणाच्या तोंडून कधी ऐकला नाही. दवाखाना परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा, तीस खाटांचा. गावाचं नाव सांगत नाही, कारण या हकिकतीत चुका आहेत आणि त्यातल्या बहुतेक माझ्या आहेत.

माणूस उंच, वाळका, पांढरा पायजमा, पांढरी टोपी आणि कानात अत्तराचा बारीकसा फाया. घर मेंढपाळाचं. शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. त्यामुळे बोलायचे मराठी, पण गोळ्या मोजायचे उर्दूत. त्यांचं म्हणणं, लहानपणी ज्या भाषेत मार खाऊन आकडे शिकलो, त्या भाषेत मोजताना चूक होत नाही. मोजताना कुणी मध्ये बोललं तर सगळ्या गोळ्या पुन्हा डबीत टाकून पहिल्यापासून सुरुवात करायचे. एकदा खुद्द आमचे अधीक्षक खिडकीशी गप्पा मारायला आले, आणि एका पेशंटच्या वीस गोळ्या मोजायला पाऊण तास लागला. त्यानंतर अधीक्षकांनी खिडकीचा रस्ता सोडला.

मी तिथे रुजू झालो तेव्हा औरंगाबादेतून डॉक्टर होऊन मला पुरतं वर्षही झालं नव्हतं. आमच्या वस्तीतला मी पहिला डॉक्टर. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन गेला होता, नाव मात्र बदललेलं नव्हतं, आणि त्यावरून जे जळायचं ते जळून गेलं होतं. वरवर सगळं शांत होतं. पण दारावर 'डॉ. साळवे' ही पाटी दिसली, की आधी आडनाव वाचून मग बाकावर बसायचं की नाही ते ठरवणारी माणसं होती. निघताना वडिलांनी मला एवढंच सांगितलं होतं, "बाकीच्यायची चूक त्यायची एकट्याची असती. तुझी चूक समद्या वस्तीची धरतेत." स्टेथोस्कोपच्या जोडीला हे वाक्यही मी गळ्यात घालून फिरत होतो.

दवाखान्याचा नियम असा, की डॉक्टरने केसपेपरवर औषध लिहायचं, खाली आपल्या नावाचा रबरी शिक्का मारायचा आणि पेशंटने तो कागद घेऊन मुंजाजीरावांच्या खिडकीवर जायचं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात, एक बाई लेकराला कडेवर घेऊन परत आली.

"खिडकीवाले म्हन्ले, शिक्का उठला न्हाई."

मी कागद पाहिला. शिक्का चांगला निळाशार उठला होता. तरी मी शेजारी आणखी एक मारला. पाच मिनिटांत बाई पुन्हा हजर. "न्हाई उठला म्हनतेत." मी पॅडवर शाई ओतली आणि असा शिक्का हाणला, की टेबलावरचं थर्मामीटर उडालं. बाई तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल दया होती. "बाबा, थोडं खोबऱ्याचं तेल टाकून बगा त्याच्यात," ती म्हणाली.

मी तणतणत खिडकीवर गेलो. "या सायेब. आस्ते या," मुंजाजीराव म्हणाले. कागद माझ्यापुढे धरून त्यांनी एक बोट शिक्क्यावर ठेवलं आणि ते हळूहळू वर सरकवत मी लिहिलेल्या ओळीवर नेलं. खोकल्याचं औषध, दिवसातून तीनदा, एवढंच लिहिलं होतं. किती द्यायचं ते नव्हतं. लेकराचं वजन नव्हतं. मुंजाजीरावांनी बाजूच्या दारातून बाहेर येऊन लेकरू बाईच्या कडेवरून घेतलं, दोन्ही हातांनी एकदा वर-खाली केलं आणि म्हणाले, "साडेनऊ."

मी ते लेकरू आमच्या काट्यावर ठेवलं. नऊ किलो चारशे ग्रॅम भरलं.

"काटा कमी दावायलाय तुमचा," मुंजाजीराव म्हणाले आणि आत गेले. मेंढ्या उचलून त्यांचं वजन सांगण्यात त्यांचं लहानपण गेलं होतं. तो हात पुढे लेकरांच्या कामी आला.

त्या दिवशी दुपारी आमच्या मोठ्या सिस्टरने मला समजावून सांगितलं. शिक्का उठला नाही, याचा अर्थ कागदात काहीतरी चुकलंय. डॉक्टरची चूक पेशंटसमोर काढायची नाही, हा मुंजाजीरावांचा स्वतःचा कायदा. म्हणून दोष सगळा शिक्क्याचा.

मला ते कळलं, पण पटलं नाही. शिक्क्यावर माझं आडनाव होतं. अधीक्षकांचा शिक्का महिन्यातून एखाद्या वेळी उठायचा नाही आणि माझा दिवसातून तीनदा. अधीक्षक वीस वर्षं औषधं लिहीत होते आणि मी वीस दिवस, हा फरक मला तेव्हा दिसत नव्हता. मला दिसत होतं ते एवढंच, की हा टोपीवाला म्हातारा रोज भरल्या रांगेतून माझ्या नावाचा कागद माघारी पाठवतोय. मी मनात कडू झालो होतो, हे कबूल करायला हवं.

रांगेला यातलं काहीच माहीत नव्हतं. गावात माझी ख्याती पसरली ती अशी, की नवा डागदर गुणाचा हाय, सुई टोचली तरी कळत न्हाई, फकस्त त्याचा शिक्का कच्चा हाय. एका शेतकऱ्याने जिंतूरच्या बाजारातून माझ्यासाठी नवं शाईचं पॅड आणून दिलं. न्यूमोनियातून त्याचा मुलगा बरा झाला होता. पॅड देताना तो म्हणाला, "आता फिकर करू नका, डागदरसाब." मी ते पॅड घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शिक्का पुन्हा उठला नाही.

मात्र कडू मनानेही मी शिकत होतो. किती दिवस घ्यायचं ते लिहिलं नाही, की पेशंट बाटली संपेपर्यंत घेतो, हे मला खिडकीवर कळलं. एकदा मी 'दोन चमचे' लिहिलं, सगळं बरोबर लिहिलं, तरी कागद परत. मुंजाजीरावांनी माझ्यासमोर त्या म्हातारीला विचारलं, "माय, घरात चमचा केवढा हाय?" म्हातारीने हात पसरून जो दाखवला तो वरण वाढायचा डाव होता. तेव्हापासून मला कळलं, की मुंजाजीराव प्रत्येक बाटलीला कागदाची खाचा पाडलेली पट्टी का चिकटवतात. एका वेळी एक खाच. वाचता येत नसलं तरी खाच दिसते, आणि अंधारात बोटालाही लागते.

आणि मग गयाबाई आली.

गयाबाई गंगाखेडकडची म्हातारी. लेक आमच्या गावात दिलेली, तिच्याकडे आली होती. पायांवर सूज, चालताना धाप, नाडी वाकडीतिकडी. हृदय थकलंय, हे मला लगेच समजलं आणि समजलं म्हणून मी खूश झालो. परवापासून उलट्या होतायत, म्हणाली. अन्नावर वासना नाही. "आन बाबा, समदं हळदीत बुडवल्यावानी दिसायलंय मला. तुझा कोट बी पिवळा दिसायलाय." मी हसलो. कोट रोज धूत जा, असं ती सुचवतेय, असं मला वाटलं. मी हृदयाची गोळी लिहिली, डिगॉक्सिन. किती, कितींदा, किती दिवस, सगळं लिहिलं. वजनसुद्धा लिहिलं. शिक्का मारला आणि कागद लेकीच्या हातात दिला.

लेक परत आली. शिक्का उठला नाही.

मी कागद चार वेळा वाचला. एक अक्षर चुकलेलं नव्हतं. पुस्तकात होतं तसंच्या तसं होतं. मग माझ्या मनातलं सगळं कडू वर आलं. मी म्हटलं, आता सापडला हा माणूस. कागदात चूक नाही, म्हणजे चूक त्याला माझ्या नावात दिसतेय. मी तोच शिक्का पुन्हा मारून लेकीला परत पाठवलं. ती परत आली. मी तिसरा मारला आणि बजावलं, "त्यांना सांगा, डॉक्टर म्हणाले शिक्का उठलाय."

यानंतर जे झालं ते त्या दवाखान्यात कुणी पाहिलेलं नव्हतं. मुंजाजीरावांची खिडकी बंद झाली. कडी लावल्याचा आवाज आला, रांगेत कुजबुज झाली आणि मुंजाजीराव हातात काहीतरी घेऊन माझ्या टेबलाशी आले. गयाबाई समोर बाकावर टेकली होती.

"सायेब," ते म्हणाले, "ही आजीची चंची. सुपारी लय चांगली हाय हिच्यात. बगा जरा."

पानतंबाखू ठेवायची ती कापडी पिशवी त्यांनी खिडकीवर लेकीकडून मागून घेतली होती, ती माझ्यासमोर ठेवली. मी दोरी सोडली. सुपारी होती, तंबाखू होती, चुन्याची डबी होती, आणि वहीच्या कागदात बांधलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या. मी त्या ओळखल्या.

"ह्या कुणी दिल्या, आजी?" मी विचारलं.

"गंगाखेडच्या डॉक्टरनं देल्यात की. लय गुणकारी. एक सकाळी खाते, एक रातच्याला. आन धाप लागली की वरून एक."

उलट्या, अन्नावरची वासना जाणं, सगळं पिवळं दिसणं. ही त्या गोळीच्या अतिरेकाची खूण. हा प्रश्न मला परीक्षेत आला होता आणि मी तो पूर्ण लिहिला होता. पण पुस्तकात ते वाक्य इंग्रजीत होतं. गयाबाईने ते आमच्या बोलीत हळदीसकट सांगितलं आणि मी ओळखलं नाही. माझी आई बोलते त्याच बोलीत ती बोलत होती.

मुंजाजीराव रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शिक्का लागला बरं का, चला," आणि खिडकी उघडायला गेले. मी गयाबाईला भरती केली. गोळ्या बंद केल्या. पाच दिवसांत उलट्या थांबल्या, माझा कोट पांढरा दिसायला लागला आणि तिने लेकीला सांगितलं, की डागदराने कोट धुतलेला दिसतो. कुणाला काही कळलं नाही. दवाखान्यात ही गोष्ट दोघांनाच माहीत होती, आणि त्यातला एक बोलणारा नव्हता.

पण माझा हात गेला. म्हणजे मनगट धडधाकट होतं, पेन चालत होतं, पण कागदावर औषधाचं नाव येईना. प्रत्येक पेशंटच्या जागी मला गयाबाई दिसायची, आणि तिच्यामागे आमची सगळी वस्ती उभी असायची. मी सगळ्यांना ताकदीच्या गोळ्या लिहू लागलो. जरा अवघड पेशंट आला, की अधीक्षकांकडे पाठवायचा. आठ दिवस माझा एकही कागद खिडकीवरून परत आला नाही. आठ दिवस एकही घुंगरू माझ्यामुळे वाजलं नाही. नवव्या दिवशी मी राजीनाम्याचा अर्ज लिहिला. घरगुती अडचणीमुळे नोकरी सोडत आहे, असा. वडिलांना काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. डॉक्टरकी सोडायची, हे ठरलं होतं. अर्ज शिपायाच्या हाती देऊन मी म्हटलं, अधीक्षकांच्या टेबलावर ठेव.

दहा मिनिटांनी शिपाई अर्ज घेऊन परत आला. पन्नाशीचा माणूस, पण चोरी पकडल्यासारखा खाली बघत होता.

"मुंजाजीराव म्हन्ले, शिक्का उठला न्हाई."

राजीनाम्यावर शिक्का नसतोच. खाली नुसती सही असते. मी अर्ज घेऊन खिडकीकडे गेलो.

दुपारची सुट्टी झाली होती, रांग पांगली होती. मुंजाजीरावांनी बाजूचं दार उघडून मला औषधखोलीत घेतलं. तिथे अधीक्षकांनाही प्रवेश नव्हता. औषधांच्या रिकाम्या खोक्यावर मला बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि स्वतः उभेच राहिले.

"तुमच्या आदी इथं वाघमारे म्हनून डॉक्टर व्हते," ते म्हणाले. "तुमच्याच वयाचे. हुशार. एक दिवस घाईत त्यायनी लेकराच्या कागदावर मोठ्या मानसाची गोळी लिहिली. कुनाच्या बी हातून व्हतंय. मी खिडकीतून वरडलो, डॉक्टर, लेकरू मारता का. रांग भरलेली व्हती. सायेब, मी बोललो ते गोळीबद्दल. रांगेनं ऐकलं ते आडनावाबद्दल. मंग रांग काय बोलली, ते तुमाला सांगायची गरज न्हाई."

गरज नव्हतीच.

"लेकराचं काय झालं?" मी विचारलं.

"काईच न्हाई. गोळी माझ्या हातातच व्हती. लेकरू खेळत घरी गेलं, अन् डॉक्टर गेले. तिसऱ्या दिशी त्यायचा अर्ज ह्याच खिडकीम्होरून गेला. मला दिसायलाय की शिपाई अर्ज घेऊन चाललाय. मी अडवला न्हाई. रांगेला बी काई बोललो न्हाई. मान खाली घालून गोळ्या मोजीत बसलो." त्यांनी माठावरचं झाकण सारखं केलं. "त्यायच्या गावाला जाऊन आलो मी. म्हन्ले, डॉक्टरकी सोडली, पुन्हा ते नाव काढू नका. मंग ते गाव बी सोडलं त्यायनी. दर दसऱ्याला एक कार्ड टाकतो. उत्तर न्हाई."

रोज माझा कागद माघारी पाठवणाऱ्या या माणसाबद्दल मी काय काय समजून बसलो होतो, ते आठवून तोंड लपवावंसं वाटलं.

"मला वाटत होतं," मी म्हणालो, "तुम्हाला माझं नाव खुपतंय."

"ठाव हाय मला. तुमी शिक्का हानायचे त्या आवाजावरूनच कळायचं."

मग ते माझ्यासमोर पालथ्या घातलेल्या बादलीवर बसले. "भ्यावं, सायेब. मी तीस वर्सं भ्यायलोय, म्हनून तर घुंगरं बांधलीत. पन भ्यालेल्यानं इचारावं. इथं यावं, म्हनावं, मुंजाजी, हे बरूबर हाय का. आठ दिस झाले तुमी नुसत्या ताकदीच्या गोळ्या लिहायलात. काल त्या मानसाला दम्याचं औषध पायजे व्हतं. त्याला तुमी ताकद देली. त्यानं ती ताकद घेऊन काय करावं?"

अर्ज त्यांनी माझ्या हातात तसाच राहू दिला. "फाडा न्हाईतर ठिवा, तुमची मर्जी. पन माझ्या खिडकीम्होरून दुसरा अर्ज मी जाऊ देनार न्हाई."

पुढचे पंधरा दिवस दुपारची सुट्टी मी त्या खोक्यावर काढली. पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी ते मला एकेका मारक्या बाटलीची ओळख करून द्यायचे. हिला कुणासोबत बसवायचं नाही, ही म्हाताऱ्यांना अर्धीच पुरते, हिचा राग उलटीने कळतो. मी लिहिलेला प्रत्येक कागद मला मोठ्याने वाचायला लावायचे. कुणाला, काय, किती, कितींदा, किती दिवस, आणि शेवटी ठरलेला प्रश्न, चंचीत काय हाय. पुरुष असला तर कमरेचा कसा, म्हणजे कमरेला बांधलेली पिशवी, सोडायला लावायचा, बाई असली तर चंची आणि पदराची गाठ. लोकांच्या औषधांची खरी नोंद तिथे असते, केसपेपरवर नाही, हे ते शंभर वेळा म्हणाले असतील. वैद्यकीय महाविद्यालयात मी साडेपाच वर्षं घालवली, आणि औषध लिहायला शिकलो त्या खोक्यावर.

महिन्याभराने एक म्हातारा आला. पायावर सूज, धाप, नाडी वाकडीतिकडी. गयाबाईचाच आजार. मी त्याचा कसा सोडायला लावला. नुसती तंबाखू निघाली. उलटी विचारली. हळद विचारली, तेव्हा तो म्हणाला, घरात लग्नच नाही, हळद कुठली. मी ती गोळी लिहिली, म्हाताऱ्याला पुरेल एवढी, मोजून मापून. शिक्का मारला, हळूच. म्हाताऱ्याचा जावई कागद घेऊन गेला आणि मी पेन टेबलावर ठेवून कान देऊन बसलो. पुढचा पेशंट समोर येऊन बसला, तरी मी त्याला काही विचारलं नाही.

घुंगरू वाजलं. एक बाटली उचलायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ वाजलं, असं मला वाटलं. अर्ज मी त्या संध्याकाळी फाडला.

पुढे माझ्या बदल्या झाल्या, शेवटी परभणीला आलो. मुंजाजीराव निवृत्त होऊन देवगाव फाट्याजवळच्या आपल्या गावी पुतण्याकडे राहू लागले. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने घुंगरं काढून टाकली, म्हणे आवाजाचा त्रास होतो. माझ्या हाताखाली आता नवे डॉक्टर येऊ लागले होते. त्यांचे कागद मी वाचतो, चुका निघतात, आणि त्या मी त्यांना बाजूला नेऊन सांगतो. चंची विचारली का, हा माझा प्रश्न ऐकून ती शहरातली पोरं एकमेकांकडे बघतात. बघोत.

मुंजाजीरावांना रक्तदाब होता. दर महिन्याला त्यांचा पुतण्या एसटीने परभणीला यायचा, हाल सांगायचा, मी औषध लिहून द्यायचो. त्यांना भेटायला जायचं मी दर महिन्याला ठरवायचो आणि दर महिन्याला काहीतरी निघायचं. असं दीडेक वर्ष झालं. मग विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, त्यानंतरच्या उन्हाळ्यात पुतण्या एकदा ठरल्या दिवसाच्या आधीच आला. माझाच कागद माझ्यासमोर ठेवून तो संकोचून म्हणाला, "काका म्हनतेत, शिक्का उठला न्हाई."

मी कागद वाचला. गोळी बरोबर होती, डोस बरोबर, दिवस बरोबर. पुतण्याला चंचीबद्दल विचारलं, तो म्हणाला, काका दुसरं काही खात नाहीत. रविवारी पहिल्या गाडीने मी निघालो. फाट्यावर उतरून त्या उन्हात चालत त्यांच्या गावात गेलो तेव्हा मुंजाजीराव लिंबाखाली खाटेवर बसले होते. टोपी तीच, अत्तराचा फाया तोच, डोळ्यांत मात्र मोतीबिंदू पांढरा उतरला होता. पावलं ऐकून म्हणाले, "आस्ते या सायेब, खड्डा हाय तिथं."

मी शेजारी बसलो आणि कागद काढला. "मुंजाजीराव, चार वेळा वाचला. चूक सापडत नाही. काय राहिलं?"

"काईच राहिलं न्हाई. कागद चांगला हाय." त्यांनी खाटेच्या दोरीवरून हात फिरवला. "तुमी लय दिस झाले आले न्हाईत."

मी त्यांचा हात धरला. साडेनऊ किलो अचूक सांगणारा तो हात आता माझ्या हातात काही वजनाचा लागत नव्हता. मग त्यांनी उशाखालून एक कार्ड काढून माझ्याकडे दिलं. डॉ. वाघमारे यांना, जुन्या गावच्या पत्त्यावर. पुतण्याकडून लिहून घेतलं होतं. विद्यापीठाला नाव लागलं, आता राग सोडा आणि एकदा येऊन जा, चूक माझी होती, एवढाच मजकूर. कार्ड टपालातून परत आलं होतं. पत्त्यावर आडवी रेघ, आणि तिच्यावर टपालखात्याचा काळाभोर शिक्का.

"पुतन्या म्हन्ला, ह्याच्यावरचा लय चांगला उठलाय," मुंजाजीराव म्हणाले.

मी त्यांना सांगितलं, की माझा अर्ज तुम्ही अडवला म्हणून मी आहे. मी आहे म्हणून माझ्या हाताखालची पोरं आहेत, आणि त्यांचा एकही कागद मी भरल्या रांगेत परत पाठवलेला नाही. हे बोलायला मला बारा वर्षं लागली होती, म्हणून मी सगळं एका दमात बोललो. ते ऐकत होते. त्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि पुन्हा घातली.

मग मी तिथेच मांडीवर कोरा कागद घेऊन त्यांचं औषध नव्याने लिहिलं आणि सवयीने मोठ्याने वाचलं. कुणाला, काय, किती, कितींदा, किती दिवस. "चंची," ते म्हणाले, आणि स्वतःहून कमरेचा कसा सोडून माझ्यापुढे धरला. आत फक्त सुपारी होती. मी पिशवीतून पॅड काढलं, शिक्का मारला आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांना धड दिसत नव्हतं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग ओल्या शाईवरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याला लागलेला निळा रंग उन्हात निरखून पाहिला.

"उठला," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत माझ्या शिक्क्याबद्दल हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. त्यानंतर ते होते तोवर त्यांचा कागद मी कुणाच्या हाती पाठवला नाही. दर महिन्याला फाट्यावर उतरायचो आणि स्वतः नेऊन द्यायचो.